सशाचा डावा कान

१२ एप्रिल २०२५, शनिवार. रियाध

कार्डावर नाव मनीषचं!

काळं कार्ड, सोनेरी अक्षरं, वर अरबी, खाली इंग्रजी. जपानी लाखेचा डबा, लेखनसाहित्याचा, अंदाजे दीडशे वर्षं जुना. दुरुस्ती — मनीष, पुढे आडनाव, पुढे पदवी. अरबी अक्षरं मी दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो, म्हणून दोनदा वाचलं. दोन्ही भाषांत तोच.

उसामा, म्हणजे आमचा कफील — आमचे व्हिसे ज्याच्या नावावर तो — आणि गॅलरीचा मालक, मनीषच्या खांद्यावर हात ठेवून फोटोला उभा. डबा त्याच्या बापाचा. खफजीला तेलाच्या कामावर असताना एका जपानी इंजिनियरने दिलेला. आज नव्या गॅलरीचं उद्घाटन, आणि मधोमध काचेच्या केसमध्ये तो डबा. मी मागे, खांबाजवळ. हातात फडकं. फडकं! कोणीतरी कहवा सांडला होता.

पाहुणे गेल्यावर मनीष आला, आमच्याकडचा पदवीवाला दुरुस्तीकार. "शेखरदादा, मनाला लावून घेऊ नका हं. इन्शुरन्सवाल्यांना सर्टिफिकेटवाला माणूस लागतो. फॉर्मॅलिटी आहे नुसती."

माझं अकरा आठवड्यांचं काम — फॉर्मॅलिटी.

१३ एप्रिल

कुठेतरी नीट लिहिलेलं असावं, म्हणून लिहितो.

झाकणावर ससा लाटांवरून पळतोय. सोन्याचा. जपानी लोक याला माकिए म्हणतात — लाखेने चित्र काढायचं आणि ती ओली असतानाच तिच्यावर सोन्याची पूड भुरभुरायची. उजवा कान होता. डावा नव्हता. झाकणाचा तो कोपरा कधीतरी आपटून खालच्या थरासकट उडालेला. सशाला शिंग नसतं हे सगळ्यांना ठाऊक. या सशाला कानही नव्हता. तो मी दिला. लांबी बावीस मिलिमीटर. आतली शीर केसाएवढी. कुंचला वर्कशॉपमधल्या मांजरीच्या मानेच्या केसांचा, कारण बाजारात मिळतो तो जाड पडतो. सोन्याची पूड चाळायला बोरूची नळी, तोंडाला रेशीम. शेवटची घासणी बोटाने. फडक्याने नाही, बोटाने!

त्यांची लाख — उरुशी — आपल्या सावंतवाडीच्या खेळण्यांवरच्या लाखेसारखी नाही. हा झाडाचा चीक. कोरड्या हवेत वाळतच नाही, दमट हवेतच धरतो. आणि हे रियाध! म्हणून जुन्या फ्रिजच्या खोक्यात ओली फडकी टांगून मी कुडाळचा श्रावण तयार केला. ओल पंच्याहत्तर टक्के, ना कमी ना जास्त.

हे कुठल्याही कॉलेजात शिकलो नाही. जपानी म्हाताऱ्यांचे व्हिडिओ, आवाज बंद, वेग निम्मा, नऊ वर्षं. माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, लिहिलंय 'रंगारी'. दरवाजे रंगवायला आलेला माणूस.

मनगटावर अजून डाग आहेत. तो चीक बिब्यासारखाच उततो. मनीषचे हात बघा — लोण्यासारखे. ज्याला कुणाला खरं पाहायचं असेल त्याने हात बघावेत. पण हात कोण बघतो.

१४ एप्रिल

आजपासून केसची काच पुसायचं काम माझ्याकडे. रोज सकाळी. मनीषनेच सांगितलं, गोड बोलून.

१५ एप्रिल

आणखी एक गोष्ट, फक्त या वहीसाठी. उरुशीच्या तीन नळ्या मागवल्या होत्या, तिसरी आतून दगड झालेली निघाली. उसामाला घाई — "यल्ला, यल्ला, ईदनंतर लगेच उघडायचंय." मग कानाखालचे पहिले चार थर मी माझ्या मालाने भरले. काजूच्या टरफलाचं तेल, घरी उकळून घट्ट केलेलं, मागच्या सुट्टीत औषधाच्या बाटलीतून आणलेलं. काजू, बिबा आणि ते जपानी झाड — तिघं एकाच कुळातली. हे कुणी शिकवलं नाही, अंगावर उतल्यावर कळलं! वरचे थर अस्सल. कुणाच्या बापाला ओळखू येणार नाही. दीडशे वर्षांच्या जपानी डब्यात आपला कोकणी काजू बसलाय आणि मनीषला त्याचा वासही नाही.

१७ एप्रिल

आज काच पुसताना पाहिलं. केसच्या छताला चार दिवे, डब्यापासून वीतभर अंतरावर. वरून एसीचा झोत सरळ केसवर. आत पाणी नाही, काही नाही.

ही वस्तू समुद्राकाठच्या ओल्या देशात जन्मली. इतकी वर्षं ती उसामाच्या बापाच्या घरी तळघरात पेटीत, कापडात गुंडाळून होती, म्हणून टिकली. आता मे येईल, जून येईल. लाकूड आकसणार. लाख फुटणार.

डबा सोपवायच्या वेळी मी एक कागद तयार केला होता. जपणुकीच्या पाच ओळी. दिवे लांब. झोत नको. आत पाण्याची वाटी, वर जाळी. ओल पन्नास टक्क्यांखाली जाऊ देऊ नये. महिन्यातून एकदा मला दाखवावा. उद्घाटनाच्या दिवशी द्यायचा म्हणून खिशात ठेवला होता. मग कार्ड वाचलं.

कागद खिशातच आहे. खिशातच राहील.

डबा फुटेल तेव्हा नाव कोणाचं असेल? कार्डावर आहे ना सोनेरी अक्षरांत, दोन भाषांत. मला काहीच करायचं नाहीये. नुसतं गप्प बसायचंय. आणि हातात घेतलेलं काम मी अर्धवट सोडत नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

सुट्टी. शारीकने मासे आणले. शारीक माझा खोलीतला सोबती, आमच्याच वर्कशॉपमध्ये सुतार, आझमगडचा. मी सुरमईचं तिखलं केलं. माझ्या लांबलचक नावाचा मनीष मागचा अर्धा घेतो, शारीक पुढचा. खाता खाता म्हणाला, "चंदूभाई, मुँह क्यों लटकाए हो? बोल दो उसामा को, कि कान मैंने बनाया है."

मी म्हणालो, "मांगके नाम नहीं लेता मैं."

"तो फिर ख़रगोश को बोलो, वही बता देगा! अब तो सुन सकता है दोनों कान से."

हसलो. पण कागदाबद्दल सांगितलं नाही. शारीकच्या पोटात काही राहत नाही, सुरमईसुद्धा.

२० एप्रिल

माझं आर्द्रतामापक, आगपेटीएवढं, केसच्या तळातल्या भोकाखाली चिकटवलं. कुणाला दिसत नाही. आज ३१.

२६ एप्रिल

२७.

३ मे

मनीषने स्वतःहून विचारलं! काच पुसत होतो, मागे येऊन उभा राहिला. "शेखरदादा, एक विचारू? याला वेगळं काही जपावं लागतं का हो? म्हणजे… आमच्या कोर्समध्ये लाखेवर एकच लेक्चर होतं. त्या दिवशी मी नेमका आजारी." हसला. खरंच विचारत होता. कपाळावर घाम होता, त्या एसीत.

कागद शर्टाच्या खिशात, माझ्या छातीला लागून.

म्हणालो, "लाकूडच तर आहे. पुसत जा."

"बास?"

"बास."

सुटल्यासारखा गेला. जाताना माझ्यासाठी चहा पाठवला. मी प्यायलो. चांगला होता, वेलदोड्याचा.

४ मे

काल खोटं बोललो. नोंद असावी. मापात फसवलं नाही मी कुणाला आजवर, हे पहिलं. पण सुरुवात त्याने केली.

९ मे, शुक्रवार

बायकोचा, शालिनीचा फोन, कुडाळहून. मनगट दाखवलं.

"परत उतला? खोबरेल लावा म्हणान किती वेळा सांगलंय!"

तिला कार्डाचं सांगितलं. तिने मनगटाकडे परत एकदा पाहिलं. मग म्हणाली, "माका ठाव हा तो कान कोणी केलो ता. आनी कोणाक होया?"

माका होया, मला हवंय. हे तिला सांगता आलं नाही.

१३ मे

१९. बाहेर बेचाळीस डिग्री.

१७ मे

झाकण हललं! उजव्या मागच्या कोपऱ्यात डब्यापासून किंचित उचललंय. भेट देणारा कुणी ते पाहणार नाही. मी पाहिलं. व्हिजिटिंग कार्ड आत सरकेल एवढी फट. चाचपायला कार्ड म्हणून वापरलं ते मनीषचंच, टेबलावरच्या गठ्ठ्यातलं!

दिवसभर शीळ घालत होतो. शारीकने विचारलं, "लॉटरी लगी?"

१८ मे

शीळ आज सुचली नाही. ससा दिव्याखाली फार झळाळतोय. कोरडी वस्तू मरायच्या आधी अशीच चमकते.

२३ मे, शुक्रवार

शालिनीशी बोलताना काजूच्या तेलाचं निघालं. उरलेली बाटली कपाटात आहे, पुढच्या सुट्टीत घराच्या खिडक्यांना लावू म्हणालो.

म्हणाली, "नको ता परत. आपल्या दाराचा काय झाला आठवता? चैतात पापुद्रे सुटले. सापान कात टाकल्यासारो दिसा."

"दाराला ऊन लागतं. ते बाहेरचं काम."

"बरा. तुमकाच म्हायत."

दार वेगळं. दाराला एक थर होता, कानाला चार. शिवाय वर अस्सल उरुशी. यात काही प्रश्न नाही.

२४ मे

काच पुसताना कान भिंगातून पाहिला. शाबूत आहे. शीर शाबूत. मी काय म्हणालो होतो?

२९ मे

१२.

३ जून

जपानहून एक बाई येणार. तिकडच्या संग्रहालयातली जाणकार, चाळीस वर्षं फक्त लाख. पुढच्या वर्षी त्यांच्या प्रदर्शनात डबा मागवायचा विचार आहे, आधी तपासायला येतेय. पंधरा तारखेला. उसामा हवेत आहे. मनीषने नवा कोट शिवायला टाकला.

देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात. इथे झाकण फाडून देईल.

६ जून, शुक्रवार. बकरी ईद

गॅलरी आठवडाभर बंद. दिवे मात्र चालू ठेवलेत, बाहेरून दिसावा म्हणून. चावी माझ्याकडे आहे, काच पुसणाऱ्याकडे असायचीच. दुपारी एकदा चालत त्या बाजूला गेलो. काचेतून पाहिलं. वाटीभर पाणी, फक्त वाटीभर. दोन मिनिटांचं काम होतं.

चावी खिशात फिरवत परत आलो. मनीषने मनाला लावून घेऊ नका म्हटलं होतं ना — नाही लावून घेत.

१२ जून

९. याहून खाली माझं यंत्र गेलेलं मी पाहिलं नाही.

१५ जून, रविवार

झालं.

सगळं क्रमाने लिहितो.

बाई आली साडेदहाला. ठेंगणी, पांढरे केस, सुती हातमोजे स्वतःचे. आधी तिने केसच्या छताकडे पाहिलं, दिव्यांकडे, एसीकडे. मग मनीषकडे. इंग्रजीत एवढंच म्हणाली, "पाणी कुठे आहे?" मनीषला वाटलं तिला तहान लागलीय. बाटली आणायला धावला!

मला त्या क्षणी जे वाटलं ते सांगत नाही. दोन महिने त्याचसाठी थांबलो होतो.

डबा बाहेर काढला. झाकण दोन्ही तळव्यांवर घेतलं, एखाद्याचं डोकं उचलून मांडीवर घ्यावं तसं. टॉर्च आडवी धरून इंचइंच पाहिलं. मी खांबाजवळ. कुठून फुटलाय ते ऐकायला.

फुटला नव्हता.

फट होती, पण म्हणाली, ओल दिली की हळूहळू बसेल, महिने लागतील. लाटा शाबूत. सशाचं अंग शाबूत. उजवा कान शाबूत. आत कापडावर चढवलेले थर आहेत, करणाऱ्यांनी कोरड्या दिवसांचा विचार करून ठेवलाय, असं काहीसं. दीडशे वर्षांपूर्वीचे ते कोण लोक, त्यांचं काम रियाधच्या जूनमध्येही टिकलं!

मग डाव्या कानावर तिने मऊ कुंचला नुसता टेकवला.

कान उठला. अख्खा. बावीस मिलिमीटर, शिरेसकट, माशाच्या खवल्यासारखा उठून तिच्या हातमोज्यावर पडला. उलटा. खाली तपकिरी, माझा काजू, आरशासारखा गुळगुळीत. कशालाच धरलेला नव्हता.

तिने नाकाशी नेला. हुंगला. "हे कोणी केलं?"

कार्ड समोर होतं. उसामा मनीषकडे बघत होता. मनीषने एकदा — एकदाच — खांबाकडे पाहिलं. माझ्याकडे. वाटलं, आता बोट दाखवणार.

म्हणाला, "मी. मीच केलं."

बाईने त्याचे हात पाहिले. हो, हात पाहिले तिने. बराच वेळ. मग कान कागदात ठेवत उसामाला म्हणाली, ज्याने हे केलंय त्याचा हात फार चांगला आहे. शिरेची रेघ अशी की माझ्या शिष्यांतल्या दोघांनाच जमेल. पण माल खोटा. इतका चांगला हात असलेल्या माणसाने असा माल वापरावा, याचं वाईट वाटतं.

उसामाने फक्त एक शब्द उच्चारला, मनीषला. "खलास."

चारच्या सुमाराला मनीष मागे वर्कशॉपमध्ये आला. नवा कोट हातावर टाकलेला. शारीक रंधा मारत होता, तो थांबला. मनीष हळू आवाजात म्हणाला, "शेखरदादा, कान कशाने केला होता?"

मी म्हणालो, "तूच केलास ना?"

वार बरोबर बसला. चेहऱ्यावर दिसलं. कोट सावरत गेला.

शारीक रंधा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. "चंदूभाई," म्हणाला, "आज का खाना तुम अकेले खाना."

१६ जून

कार्ड काढलंय. डब्याजवळ आता कोणाचंच नाव नाही. मनीषचा फायनल एक्झिट, म्हणजे कायमची परतपाठवणी, लागतोय, गुरुवारपर्यंत. पुण्यात आई-वडिलांना काय सांगायचं म्हणून फोनवर कुणाला तरी विचारत होता, जिन्यात, भिंतीकडे तोंड करून.

हवं होतं ते सगळं मिळालं. यादी करायची तर एकही कलम राहिलं नाही.

मग चैन का पडत नाही? मनीषची दया येते म्हणून? नाही. खोटं का लिहू, वही माझीच आहे. माझं नाव चोरलं त्याने, हे मी विसरलेलो नाही.

ती रेघ. 'माझ्या शिष्यांतल्या दोघांनाच जमेल.' ते मनीषच्या नावावर गेलं. आणि खोटा मालही मनीषच्या नावावर गेला. माझा काजू, माझे चार थर, माझी घाई, शालिनीच्या दाराचे पापुद्रे — तेही तो घेऊन चाललाय पुण्याला! आधी काम नेलं, आता चूक नेतोय.

चूक मोठी आहे. एक थर की चार हा प्रश्नच नव्हता. खालचा एक वेगळ्या जातीचा असला की वरचे शंभर अस्सल असले तरी व्यर्थ. हे मला दारावरच कळायला हवं होतं. कळलं होतं. मी बघितलं नाही.

अशी चूक करायलाही नऊ वर्षं लागतात. मनीषला ती करता आली नसती.

१७ जून, मंगळवार

आठ वाजता उसामाच्या खोलीत गेलो. बाई होती, मनीषही कागदांवर सही करायला आला होता. तिच्यासमोर मनगटं उघडी करून ठेवली. म्हणालो, कान माझा. पडलेला कान माझा. पाणी का ठेवलं नाही तेही मला विचारा, मनीषने विचारलं होतं, मी खोटं सांगितलं.

मग पाच ओळींचा कागद खिशातून काढला, घड्या विरलेल्या, आणि खाली पूर्ण नाव लिहिलं. उसामाने हात पुढे केला. त्यावर मी माझा इकामा ठेवला, आता परतीचा रस्ता माझा.

बाई माझ्या हातांकडेच बघत होती.